शाळेतल्या स्पीच टीचरला परवाना लागतो का? आणि तो बघायचा कसा?

नाशिकची_मीनल | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, सिनियर केजीत. 'क'च्या जागी 'त' म्हणतो आणि 'ग'च्या जागी 'द'. काकाला 'ताता', गायीला 'दाय', कावळ्याला 'तावळा'. घरात आम्हाला सगळं कळतं, बाहेरच्यांना जेमतेम अर्धं. दिवाळीनंतर वर्गातली मुलं चिडवायला लागली आणि आता तो वर्गात तोंडच उघडत नाही, हे मला जास्त लागलंय.

शाळेने सांगितलं की आमच्याकडे आठवड्यातून दोनदा स्पीच टीचर येतात, महिना अठराशे वेगळे भरा. भरले. तीन महिने झाले. घरी येऊन सांगतो, "आज मेणबत्ती फुंतली." कधी स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे, कधी फुगा. 'क' आहे तिथेच आहे. पालकसभेत मी बाईंना विचारलं, तुमचं शिक्षण काय झालंय? म्हणाल्या, "कोर्स केलाय." कुठला, किती वर्षांचा, यावर काही बोलल्या नाहीत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आम्ही खात्री करूनच नेमतो.

शाळेत मुलांना स्पीच थेरपी द्यायला कायद्याने परवाना लागतो का? कोणाचा? आणि मी तो दाखवा म्हटलं तर माझ्या मुलाला त्याचा त्रास होईल का, ही खरी भीती आहे.

कोथिंबीर_वडी | सोमवार, रात्री १०:०२

मागा. बिनधास्त मागा. पैसे तुमचे, मूल तुमचं.

चिंचेचं_झाड | सोमवार, रात्री १०:१५

साडेपाच म्हणजे लहान आहे गं अजून. माझा दीर सहा वर्षांचा होईपर्यंत 'लामलक्षा' म्हणायचा, आज जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि समोरच्याला बोलू देत नाही. सासूबाई वेखंड उगाळून जिभेला लावायच्या. येईल सगळं.

वाचाश्रुती | सोमवार, रात्री ११:२०

मी ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारी) आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट (बोलण्याचे उपचार करणारी, म्हणजेच स्पीच थेरपिस्ट) आहे. पुण्यात चौदा वर्षं काम करतेय, त्यातली सहा शाळांमध्ये. मीनल, उत्तर सरळ आहे: हो, लागतो.

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, हिचा कायदा १९९२चा आहे. त्या कायद्यात पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांचे वर्ग ठरवून दिलेत. ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट त्यात येतात, विशेष शिक्षक येतात, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट येतात. परिषदेने मान्य केलेलं शिक्षण पूर्ण करून केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव चढलं की एक नंबर मिळतो. आम्ही त्याला सीआरआर नंबर म्हणतो. तो नसेल तर भारतात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही, मग जागा दवाखान्याची असो, घराची असो की शाळेची. शाळेसाठी वेगळा परवाना आपल्याकडे नाही, हाच एक सगळीकडे चालतो.

शिक्षण म्हणजे बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी ही ऐकण्या-बोलण्याच्या उपचारांची पदवी: चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. पुढे दोन वर्षांचं मास्टर्स. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, ती १९८३ साली सुरू झाली. नायर हॉस्पिटलच्या कॉलेजात हा कोर्स आहे, पुण्यात भारती विद्यापीठात आहे. म्हैसूरची आयिश ही वाचा-श्रवण संस्था १९६५ची. नोंदणी पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी मधल्या काळात कार्यशाळा, परिषदा करून १०० गुण जमवावे लागतात. म्हणून नंबर विचारताना तो आज चालू आहे का, हेही विचारा.

आता मुलाबद्दल. शाळेतला वर्णमालेचा तक्ता आठवा. क-वर्ग कंठ्य, त-वर्ग दंत्य. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टाळूकडे जातो, 'त' म्हणताना टोक दातांकडे. तुमचं बाळ घशाकडचा आवाज पुढे दातांवर आणतंय. बोलायला शिकताना पुष्कळ मुलं असं करतात आणि बहुतेकांचं चारच्या आत सुटतं. 'र' आणि 'ळ' उशिरा येतात, म्हणून चिंचेच्या झाडाच्या दिरांचा 'लामलक्षा' आणि साडेपाच वर्षांच्या मुलाचा 'ताता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे थांबून बघायची वेळ गेली.

आणि मेणबत्ती! फुंकायला ओठ आणि श्वास लागतात, 'क'ला जिभेची पाठ लागते. पोहणं शिकवायला सायकल चालवून घेण्यासारखं आहे हे. शिकलेला थेरपिस्ट पहिल्या दिवशी मेणबत्ती काढत नाही. आधी श्रवणचाचणी झालीय का विचारतो, मग तोंड-टाळू बघतो, मग मुलाला चित्रं दाखवून बोलतं करतो आणि कुठला आवाज शब्दात कुठे चुकतो ते लिहून काढतो.

तर मीनल, श्रवणचाचणी झालीय का?

नाशिकची_मीनल | मंगळवार, सकाळी ७:४०

ताई, मनापासून आभार. नाही, झालेली नाही. कोणी सुचवलीच नाही. तो टीव्ही मोठा लावतो, पण मला वाटलं सगळीच मुलं लावतात.

दोन_यंत्रं | मंगळवार, सकाळी ८:३०

मीनल, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी कान तपासून घ्या.

माझ्या मुलाला तीन वर्षांचा असताना कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऐकण्यासाठीचं यंत्र शस्त्रक्रियेने कानात बसवलं. दुसऱ्या कानाला श्रवणयंत्र आहे, माझं नाव त्यावरूनच. पहिली तीन वर्षं तो कर्णबधिर मुलांच्या शाळेत होता. तिथे वाचा उपचार तज्ज्ञ मॅडम होत्या. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी त्या प्रत्येक मुलाच्या मागे उभ्या राहायच्या, तोंडासमोर कागद धरायचा आणि सहा आवाज: आ, ई, ऊ, म, श, स. मुलाने ऐकून तसाच म्हणायचा किंवा हात वर करायचा. दोन मिनिटांत कळायचं की आज कोणाचं यंत्र बिघडलंय, कोणाची बॅटरी उतरलीय, कोणाच्या कानातला साचा ढिला झालाय. मुलाचा कान वाढतो, साचा तेवढाच राहतो, मग शिट्टी वाजायला लागते. हे मला सगळं त्या मॅडमनी शिकवलं.

पहिलीला आम्ही त्याला साध्या शाळेत घातलं. शाळा चांगली, बाई प्रेमळ. जूनमध्ये त्याच्या इम्प्लांटची बाहेरची वायर आतून तुटली. नऊ दिवस, म्हणजे आम्हाला कळेपर्यंत, तो त्या कानाने काही ऐकत नव्हता आणि दुसऱ्या कानाला यंत्र लावूनही फारसं नाही. बाईंनी वहीत शेरा लिहिला होता: लक्ष देत नाही, खिडकीबाहेर बघतो. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते सहा आवाज माहीत असणारं एक माणूस त्या इमारतीत असतं तर पहिल्याच सकाळी कळलं असतं. तो शेरा मी जपून ठेवलाय.

चिंचेचं_झाड | मंगळवार, सकाळी ९:०५

वाचून गलबलून आलं. मीनल, माझा कालचा सल्ला सोडून दे. कान तपास आधी.

कलम_तेरा | मंगळवार, दुपारी १२:१०

वकील आहे, म्हणून कायद्यापुरतं लिहितो. वाचाश्रुतींनी सांगितलेली बंदी कलम १३मध्ये आहे. नोंदवहीत नाव नसलेल्याला सरकारी किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या संस्थेत पुनर्वसन व्यावसायिकाचं पद घेता येत नाही, भारतात कुठेही व्यवसाय करता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही, कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हजार रुपये हा आकडा १९९२चा आहे. आज एका मुलाची एक महिन्याची फी त्याहून जास्त आहे. या कायद्याला दात हवेत, हे माझं स्पष्ट मत.

कोथिंबीर_वडी | मंगळवार, दुपारी १२:३१

मीनलने भरले महिना अठराशे आणि दंड हजार. राग येतो.

खडू_फळा | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. वरची चर्चा पटते, पण शहरातली आहे, म्हणून लिहितो.

आमच्या तालुक्यात नोंदणीकृत स्पीच थेरपिस्ट एकही नाही. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून येतात. एका माणसाकडे इतक्या शाळा की एका मुलाची भेट महिन्यातून एकदा झाली तर नशीब. आमच्याकडे जे सर येतात ते बौद्धिक दिव्यांगत्वाचे शिक्षक आहेत. पण न बोलणाऱ्या पोरासमोर मांडी घालून बसतात, चित्रं दाखवतात, आईला घरी काय करायचं ते शिकवतात. त्यांच्यामुळे दोन मुली बोलायला लागलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. कायद्याच्या भाषेत ते 'विनापरवाना' ठरणार का? मग त्या पोरींनी कोणाकडे जायचं होतं? तुमचा नियम आमच्या गावात लावला तर जे आहे तेही जाईल.

वाचाश्रुती | मंगळवार, रात्री १०:००

सर, तुमच्या त्या सरांना माझा नमस्कार सांगा. ते जे करतायत ते विशेष शिक्षकाचं कामच आहे: मुलाला बोलायला कारण देणं, आईला शिकवणं, वर्गात सामावून घेणं. त्यांचीही आरसीआयकडे नोंद असणार, विशेष शिक्षक म्हणून. ते कुठेही खोटं बोलत नाहीयेत.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. कोणी 'मी स्पीच थेरपिस्ट' असं सांगून निदान करतं, पैसे घेतं आणि त्या भरवशावर आईवडील पुढे कुठेच जात नाहीत. माझ्याकडे चार वर्षांची मुलगी आली होती. आधी दीड वर्ष तिला कोणीतरी 'थेरपी' दिली होती, तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर. तिला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हतं. दीड वर्ष, आणि तेही भाषा शिकायच्या वयातलं. ते मी तिला कुठून परत देऊ?

तुमच्या सरांकडे अशी मुलगी आली तर ते काय करतील?

खडू_फळा | मंगळवार, रात्री १०:२०

जिल्ह्याला पाठवतील. पाठवतातच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. ते संशय आला की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. तिथे ऑडिओलॉजिस्टचं पद असतं, तपासणी फुकट होते. अडचण पुढची. चाळीस किलोमीटर, दिवसाची मजुरी बुडते, आणि थेरपी म्हणजे एकदा जाऊन भागत नाही. पण तुमचं म्हणणं समजलं ताई. काम करणं वेगळं आणि नाव लावणं वेगळं.

बीएएसएलपी_तिसरं_वर्ष | मंगळवार, रात्री ११:४८

पहिल्यांदाच लिहितेय. मी सध्या शिकतेय. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणींना परदेशात जायचंय, कारण इथे शाळा देतात तो पगार ऐकला की घरचे विचारतात, चार वर्षं यासाठी घातलीस का. मला शाळेतच काम करायचंय. पण एक अडचण कोणी बोलत नाही: आम्ही शिकतो इंग्रजीत. मुलाला तपासतो मराठीत. 'चार' आणि 'चमचा' यातले 'च' वेगळे, हे इंग्रजी पुस्तकात कुठून येणार? पोस्टिंगला पहिल्या दिवशी मी एका मुलाचा 'चमचा' चूक म्हणून लिहिला होता. मॅडमनी मला स्वतःला मोठ्याने म्हणायला लावला. तेव्हापासून मी रोज घरी आजीचं बोलणं कान देऊन ऐकते, तिच्याइतका स्वच्छ 'ळ' कोणाचा नाही.

वाचाश्रुती | बुधवार, सकाळी ७:१५

बाळा, शाळेतच ये. वाट बघतोय आम्ही.

जर्सीची_जाई | बुधवार, सकाळी ९:३०

अमेरिकेत शाळेत स्पीच थेरपिस्ट आहे, अकरा वर्षं झाली. मूळची सांगलीची. इथली पद्धत सांगते, तुलनेला उपयोगी पडेल.

इथे एकावर एक तीन थर आहेत. पहिला 'आशा' या व्यावसायिक संघटनेचं प्रमाणपत्र. त्यासाठी मास्टर्स लागतं, शिकताना ४०० तास काम (त्यातले २५ नुसतं बघण्याचे, ३७५ प्रत्यक्ष), प्रॅक्सिस नावाच्या परीक्षेत १६२ गुण आणि नंतर अनुभवी माणसाच्या हाताखाली किमान ३६ आठवडे, १२६० तास. ऑडिओलॉजीला तर आता डॉक्टरेटच लागते. दुसरा थर राज्याचा परवाना. आणि तिसरा, जो या धाग्याशी जुळतो तो, राज्याच्या शिक्षण खात्याचं शाळेसाठीचं वेगळं प्रमाणपत्र. न्यू जर्सीत त्याला 'स्पीच लँग्वेज स्पेशालिस्ट' म्हणतात. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये नाव वेगळं, अटी वेगळ्या, आणि दोन भाषांत काम करणाऱ्यांना त्यावर आणखी एक जोड. कुठल्या नोकरीला कुठला थर लागतो हे राज्यागणिक बदलतं. नदी ओलांडून नोकरी बदलली की पुन्हा कागद.

भारतातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: आशाचे काही देशांशी परस्पर मान्यतेचे करार आहेत, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे. भारताशी नाही. मला डिग्रीचं मूल्यांकन करून घेऊन काही विषय पुन्हा करावे लागले, दोन वर्षं गेली. तेव्हा रडले होते. आज वाटतं, शाळेचं वेगळं प्रमाणपत्र हवंच. दवाखान्यात मूल आईच्या मांडीवर असतं. शाळेत तेच मूल डबा खाताना, भांडताना, फळ्यावर लिहिताना बघावं लागतं आणि बाईंशी बोलावं लागतं.

एक आठवण. एका बाईंनी एक मराठी मुलगा माझ्याकडे पाठवला. तक्रार काय, तर 'वॉटर'चा 'व' नीट येत नाही आणि 'टी' जाड म्हणतो. मी त्याला मराठीत विचारलं, घरी कोण कोण आहे? पोरगं जे सुरू झालं! आजी, गावची म्हैस, विहिरीत पडलेला चेंडू, पंधरा मिनिटं थांबेना. मी अहवालात लिहिलं, हा दोष नाही, ही त्याची दुसरी भाषा आहे. मराठी येत नसती तर त्याच्या माथी वर्षभर थेरपी आली असती.

चिंचेचं_झाड | बुधवार, सकाळी १०:१२

म्हशीचं नाव काय होतं ते सांगितलं का त्याने? आमच्या नातवाने आमच्या म्हशीचं नाव 'फ्रिज' ठेवलंय, कारण दूध तिच्यातून येतं.

जर्सीची_जाई | बुधवार, संध्याकाळी ७:४०

नाव 'राणी'. 'फ्रिज' मात्र मी उद्या शाळेत सगळ्यांना सांगणार :)

लीड्सचा_गणू | बुधवार, रात्री ८:००

इंग्लंडमध्ये 'स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट' हे नावच कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेकडे नोंद नसेल तर कार्डावर छापलं तरी गुन्हा. पालक वेबसाइटवर नाव टाकून आधी बघतात. आमच्या मुलीच्या वेळी शाळेनेच पहिल्या पत्रात नंबर लिहून पाठवला होता, आम्ही न विचारता.

शाळेचा_विश्वस्त | बुधवार, रात्री ९:२५

शाळेची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. आमची मध्यम शाळा आहे, सोलापूर जिल्ह्यात. दोन वर्षं जाहिरात देतोय. विशेष शिक्षक मिळाले, कारण त्यांच्याबाबत नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्रमाणही सांगितलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक. स्पीच थेरपिस्टबद्दल साध्या शाळेला असं काहीच बंधन नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात ते पद बसवताना मंडळात मलाच भांडावं लागलं. शेवटी उमेदवार आल्या, पण पूर्णवेळ परवडेना.

मग चार शाळांनी मिळून एक मॅडम ठरवल्या. प्रत्येक शाळेला आठवड्यात एक दिवस. नेमणूकपत्रात सीआरआर नंबर, नोंदणीची मुदत आणि प्रत्येक मुलाचा लेखी अहवाल पालकांना द्यायची अट घातली. जिथे जमेल तिथे करून बघा. मीनलताई, तुमच्या शाळेने मुद्दाम फसवलं असेल असं नाही. आम्हालाही आधी माहीत नव्हतं की हे विचारायचं असतं.

दोन_यंत्रं | बुधवार, रात्री ९:५८

विश्वस्तसाहेब, त्या मॅडमना सांगून सहा आवाज सगळ्या वर्गशिक्षकांना शिकवून ठेवा. त्याला परवाना लागत नाही, दोन मिनिटं लागतात.

शाळेचा_विश्वस्त | बुधवार, रात्री १०:०४

शनिवारी शिक्षकांची बैठक आहे. विषयपत्रिकेत घातलं.

नाशिकची_मीनल | पुढचा सोमवार, रात्री ९:१५

मंडळी, दोन गोष्टी कळवते.

शाळेला मेल लिहिला. भांडणाचा सूर नाही ठेवला, चार ओळी: बाईंचं शिक्षण, आरसीआय नोंदणी क्रमांक, तिची मुदत, आणि माझ्या मुलाचा आजवरचा लेखी अहवाल मिळावा. तीन दिवसांनी उत्तर आलं, नंबर आला! मला इतकं हायसं वाटलं, आणि बाईंवर उगाच संशय घेतला म्हणून वाईटही वाटलं. अहवाल मात्र आलेला नाही.

दुसरं, शुक्रवारी श्रवणचाचणी आहे.

वाचाश्रुती | पुढचा सोमवार, रात्री ९:४०

छान केलंस. आता एक काम कर. आरसीआयच्या वेबसाइटवर तो नंबर टाक आणि नावासमोर वर्ग कुठला लिहिलाय ते वाच. नुसता नंबर असून भागत नाही. विशेष शिक्षकालाही नंबर असतो, मानसशास्त्रज्ञालाही असतो, ऐकण्या-बोलण्याचा एक वर्षाचा डिप्लोमा केलेल्यांनाही असतो, पण त्यांचा वर्ग वेगळा. डिप्लोमावाले आमच्या हाताखाली फार मोलाचं काम करतात, स्वतंत्रपणे निदान करणं त्यांच्याकडून अपेक्षित नाही.

नाशिकची_मीनल | पुढचा सोमवार, रात्री १०:३०

बघितलं. विशेष शिक्षक, बौद्धिक दिव्यांगत्व.

कलम_तेरा | पुढचा सोमवार, रात्री १०:४२

म्हणजे नोंदणी खरी, पण या कामाची नाही. शाळेला दुसरा मेल पाठवा, वर्गाचा स्क्रीनशॉट जोडा आणि एकच विचारा: 'स्पीच थेरपी' या नावाने फी कशाच्या आधारे घेतली?

खडू_फळा | पुढचा सोमवार, रात्री १०:५५

थोडं सबुरीने घ्या वकीलसाहेब. त्या बाईंना शाळेनेच 'स्पीच'चं काम दिलं असेल, 'तुम्ही स्पेशल एज्युकेटर आहात ना, हेही बघा' असं म्हणून. आमच्याकडे असंच होतं. नोकरी टिकवायची असते, माणूस नाही म्हणू शकत नाही. जाब शाळेला विचारा. बाईंना वर्गासमोर लाज वाटेल असं काही होऊ देऊ नका.

नाशिकची_मीनल | पुढचा सोमवार, रात्री ११:१०

सर, अगदी हेच मनात होतं. मी आज बाईंना फोन केला. त्या रडल्या. म्हणाल्या, "मी दोनदा सांगितलं की हे माझं काम नाही, तुम्ही थेरपिस्ट बोलवा." ते फुंकण्याचे व्यायाम त्यांनी इंटरनेटवर बघून घेतले होते. माझ्या मुलाची त्यांना मनापासून काळजी आहे हे त्यांच्या बोलण्यातून कळलं. मेल मी मुख्याध्यापिकांनाच करतेय.

नाशिकची_मीनल | शनिवार, सकाळी ११:००

काल चाचणी झाली. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलंय, त्यामुळे कमी ऐकू येतंय. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, बघून ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, शांत खोलीत समोरासमोर त्याला पुष्कळ कळतं, पण वर्गात पंखे आणि चाळीस मुलांच्या आवाजात मागच्या बाकावर फार थोडं पोचत असेल. तो मागच्याच बाकावर बसतो, उंच आहे म्हणून. कान-नाक-घसा डॉक्टरांनी औषध दिलंय, काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. 'क'साठी बीएएसएलपी झालेल्या मॅडमकडे पुढच्या आठवड्यापासून जाणार आहोत. त्यांनी पहिल्याच भेटीत आपणहून भिंतीवरचं नोंदणीपत्र दाखवलं.

शाळेने बाक बदललाय. फीबद्दल अजून उत्तर नाही.

वाचाश्रुती | शनिवार, सकाळी ११:२५

कानातलं पाणी आणि 'क' यांचा एकमेकांशी किती संबंध आहे ते पुढे कळेल, दोन्हीवर एकदमच काम होऊ दे. बाक पुढचा, आणि भिंतीकडेचा नको, मधला. वर्गशिक्षिकेला सांग, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आणि फीचं उत्तर मिळेपर्यंत मेल करत राहा. पुढच्या वर्षी त्या शाळेत अजून कोणाचं तरी मूल असणार आहे.

गोदाकाठ | शनिवार, दुपारी २:००

हा धागा वाचून आज पहिल्यांदा लॉगिन केलं. माझी भाची अडीच वर्षांची, बीड जिल्ह्यात असते. हाक मारली तर बघत नाही, दोनच शब्द बोलते. इतक्या लहान मुलीची कानाची तपासणी होते का? ती एका जागी बसतच नाही.

खडू_फळा | शनिवार, दुपारी २:२०

होते. अंगणवाडीताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून बाल स्वास्थ्य पथकाची चिठ्ठी घ्या आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या. वय नको लपवू, उशीर झाला म्हणून कोणी रागावत नाही.

वाचाश्रुती | शनिवार, दुपारी २:३५

अडीच वर्षांची असेल तर बेरा चाचणी करतील, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतील. ती मूल गाढ झोपलेलं असताना करतात, डोक्याला छोटे पॅच लावून, दुखत नाही. म्हणून आदल्या रात्री तिला उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि प्रवासात अजिबात झोपू देऊ नका. डोक्याला तेल लावू नका, पॅच चिकटत नाहीत. तिची रोजची पांघरायची गोधडी बरोबर घ्या.